पाय भाजला तेव्हा फळं आणली होती

आज सकाळी बेळगावच्या उद्यमबागेत चहाच्या गाड्यावर उभा होतो. मागनं एक सुपरवायझर कुणाला तरी सांगत होता, "त्या खुळ्याला परत घेऊ नको बाबा, कधी काय करंल नेम नाही." खुळा म्हणजे आमचा दादा. चहा तसाच टाकून आलो.

सोळा वर्षं एकाच फौंड्रीत मोल्डिंग केलं त्यानं. 2014 ला वितळलेल्या धातूचा रस उडून पाय भाजला, तर मालक स्वतः शहापूरच्या घरी फळं घेऊन आले. दीड महिना जागा राखून ठेवली. आईनं त्यांना देव मानलं. आणि 2021 ला कानात आवाज यायला लागले, झोप उडाली. धारवाडच्या डिमान्सला, म्हणजे मनाच्या आजारांच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं, चार महिन्यांत माणूस ताळ्यावर आला. कामावर गेला तर गेटवरच हिशेबाचं पाकीट हातात! कसा आहेस म्हणून विचारलंसुद्धा नाही कुणी.

होय, गोळ्यांनी गुंगी येते. तापलेल्या रसाजवळ असा माणूस नको, मान्य. मग डिस्पॅचला घ्या की. पाय भाजून परत आल्यावर पहिला महिना तिथंच बसवलं होतं ना?

दर महिन्याला पगारातनं ईएसआय, म्हणजे कामगार विमा कापला जायचा. लांबलेल्या आजारात 80 टक्के पगार मिळायची सोय त्यात होती, टीबी-कॅन्सरच्या यादीतच सायकोसिस, म्हणजे दादासारखा मनाचा आजारही होता. ऑफिसातल्या एकानंही तोंड उघडलं नाही. आम्हाला कळेपर्यंत हजेरीतनं नाव गेलं होतं.

1 नोव्हेंबरला आपण काळा दिवस पाळतो, सायकल फेरीत घसा फोडून ओरडतो. अन्याय म्हणजे काय हे सीमाभागातल्या माणसाला शिकवायला लागत नाही. तो सुपरवायझरही दरवर्षी फेरीत असतो. खुळा म्हणाला तो मराठीतच.

लिहिता लिहिता वहिनीनं काल सांगितलेलं आठवलं. मधे दादा ठेकेदाराकडे पॅकिंगला जायचा, तेव्हा गोळ्या पाकिटातनं काढून शक्तीच्या गोळ्यांच्या डबीत भरून न्यायचा. पाकिटावरचं नाव कुणी वाचू नये म्हणून. जेवण झालं की भिंतीकडं तोंड करून गिळायचा. पाय भाजला होता तेव्हा हाच माणूस पट्टी सोडून सगळ्यांना जखम दाखवायचा.

माझ्या यादीत उद्यमबाग, मच्छे, होनग्यात कारखाने असलेले चार-पाच जण आहात. दादाला पॅकिंग येतं, नगांचा हिशेब चुकत नाही. महिन्यातनं एक दिवस धारवाडला जायला सुट्टी लागेल, ती आत्ताच सांगून ठेवतो. फोन करा. मी त्याला घेऊन येतो.