चार कोर काय शोभेला दिलेत?

डोकं फिरवलंय यार या गेटवेनं, म्हणजे ऑफिसचं सगळं इंटरनेट ज्या मशीनमधून जातं त्यानं. इंदूरला विजय नगरात ऑफिस, दुपार झाली की सगळ्यांचे व्हिडिओ कॉल अडकतात आणि सगळे माझ्याकडे बघतात, का तर लिनक्सचं मशीन मी बसवलंय. लाईनवाला म्हणतो लाईन चकाचक आहे. मशीन विकणारा म्हणतो, "भिया, पुराना हो गया, बडा सर्वर ले लो." अरे मोठा कशाला, आहे त्यातलाच पाव हिस्सा राबतोय, प्रोसेसरचे चार कोर म्हणजे चार कामगार, नि काम एकालाच!

टॉप, म्हणजे कोण किती राबतंय दाखवणारी कमांड, लावून एकचा आकडा दाबा, दिसेल. पहिला कोर सॉफ्टआयआरक्यूमध्ये, म्हणजे आलेली पॅकेटं (डेटाचे तुकडे) हाताळण्यात, १०० टक्क्यांना टेकलाय आणि बाकीचे तीन शून्यावर. पंगतीत एकच वाढपी धावतोय नि तिघं खांबाला टेकून उभे, तसलं चाललंय. लॅनकार्डाला क्यू, म्हणजे पॅकेटांच्या रांगा, आहेत चार, हो आहेत ना, प्रोकमधली इंटरप्ट्स फाईल, म्हणजे कार्डानं कोरला मारलेल्या हाकांचा हिशोब, उघडली तर चार ओळी दिसतात, वरच्या ओळीचा आकडा नुसता पळतोय, खालच्या तीन ढिम्म. कारण लाईन पीपीपीओईची, म्हणजे लॉगिनवाली, पॅकेट आणखी एका पाकिटात गुंडाळून पाठवणारी, या कार्डाला त्याच्या आतला आयपी पत्ता वाचताच येत नाही, मग सगळी पॅकेटं एकाच क्यूत कोंबतं. त्यावर सल्ला काय, तर आयआरक्यूबॅलन्स, म्हणजे कुठला इंटरप्ट कुठल्या कोरनं घ्यायचा ते ठरवणारा प्रोग्रॅम, चालू करा. अहो ते त्या क्यूचा इंटरप्ट उचलून दुसऱ्या कोरवर ठेवतं, वाटून थोडीच देतं! आधी हा कोर मरत होता, आता तो मरेल.

आणि चीड याची येते की इलाज कर्नलमध्येच, लिनक्सच्या गाभ्यातच, पडलाय, २०१० पासून. २.६.३५ आवृत्तीत आरपीएस (रिसीव्ह पॅकेट स्टीअरिंग) आलं, गूगलच्या टॉम हर्बर्टचं काम. कार्डाला जमत नसेल तर कर्नल स्वतः पत्ते नि पोर्ट बघून हॅश, म्हणजे त्यावरून एक ठरीव आकडा, काढतो आणि पॅकेट दुसऱ्या कोरच्या रांगेत टाकतो, पीपीपीओईच्या आतलंही त्याला दिसतं, एका कनेक्शनची पॅकेटं एकाच कोरवर जातात म्हणजे क्रमही बिघडत नाही. पण डीफॉल्ट काय? शून्य. बंद! बरं, कार्ड चांगलं असेल तर याची गरज नसते, एका कोरनं दुसऱ्याला उठवायचाही खर्च असतो, मान्य. पण मग सरळ 'ऑन' तरी लिहू द्या ना, तिथे हेक्स मास्क मागतात, म्हणजे कुठले कोर हवेत ते सोळाच्या अंकपद्धतीत लिहा! चारही कोर हवे तर एफ, पहिला सोडून तीन हवे तर ई, आणि ते पण प्रत्येक क्यूच्या फोल्डरात वेगळं.

ई टाकला, कॉल सुरळीत झाले. तर साहेब एक मोठी फाईल डाउनलोड करून म्हणतात, "स्पीड तर तेवढीच आहे." अहो एक कनेक्शन म्हणजे एकच कोर, ते वाटलं जातच नाही, कितीदा सांगू! तेवढ्यात लाईट गेली, यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली, मशीन परत उठलं आणि मास्क पुन्हा शून्य, कारण सिसमधलं, म्हणजे कर्नलच्या सेटिंगांच्या फोल्डरातलं, लिहिलेलं रीबूटला टिकत नाही, त्याच्यासाठी बूटला चालणारी वेगळी सर्विस लिहा. तोवर त्या मशीनवाल्यानं साहेबांना सोळा कोरचं कोटेशन पाठवून पण दिलं. घ्या, आता पंधरा रिकामे बसतील.