पुस्तकात नाही, म्हणून दुर्मिळ?

व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा फिरणारा मजकूर थोडक्यात असा: 1818 साली ईस्ट इंडिया कंपनीने रामदरबार आणि हनुमानाची छाप असलेलं एक आण्याचं नाणं पाडलं. ते नाण्यांच्या पुस्तकांत सापडत नाही, कारण ते अतिदुर्मिळ आहे. घरात असेल तर लाखो रुपये मिळतील.

आधी साल बघू. नाण्यांचा कॅटलॉग चित्रं जुळवत चाळला की हाती काही लागत नाही. नाणं कोणी पाडलं, कोणत्या टांकसाळीत, धातू कोणता, मूल्य किती, या वाटेने सालापर्यंत यायचं. या वाटेवर 1818चं नाणं पहिल्याच पायरीवर अडखळतं. 1835पर्यंत कंपनीचं एकसमान चलनच नव्हतं. बंगाल, मद्रास आणि मुंबई या इलाख्यांची, म्हणजे कंपनीच्या प्रांतांची, नाणी वेगवेगळी होती. मुंबईच्या तांब्याच्या नाण्यांवर तराजू आणि फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय. पुण्यात तर पेशवाई बुडाल्यावरही अंकुशी (अंकुशाची खूण असलेले) रुपये निघत राहिले, तेही 1806 मध्येच वारलेल्या मुघल बादशाह शाह आलमच्या नावाने! फॉरवर्डमधल्या नाण्यावर नुसतंच ‘ईस्ट इंडिया कंपनी’.

मूल्याचंही तेच. 1835च्या एकसमान चलनात तांब्याची नाणी होती अर्धा आणा, पाव आणा आणि एक पै, म्हणजे आण्याचा बारावा भाग. एक आण्याचं स्वतंत्र नाणं लोकांच्या हाती आलं ते 1907 मध्ये, ब्रिटिश राजा सातव्या एडवर्डच्या काळात, नागमोडी कडेचं आणि निकेलमिश्रित.

कंपनीने नाण्यावर देव कधी आणलेच नाहीत, असं मात्र म्हणू नका. मद्रासच्या चांदीच्या अर्ध्या पागोड्यावर (पागोडा म्हणजे होन) एका बाजूला गोपुर आहे आणि दुसऱ्या बाजूला विष्णू. दक्षिणेतल्या बाजारात देवाची छाप असलेले होन आधीपासून चालत होते, कंपनीने तोच साचा उचलला. भक्तीपेक्षा हिशेब जास्त. ही नाणी नाणेतज्ज्ञ प्रिडमोरच्या कॅटलॉगमध्ये, इलाख्यांच्या खंडात, रीतसर नोंदलेली आहेत.

आता ‘पुस्तकात नाही कारण दुर्मिळ’. हा सगळ्यात चलाख मुद्दा, आणि सगळ्यात पोकळही. रामाची छाप असलेलं खरं नाणं आहेच: अकबराचं, त्याच्याच इलाही सनाच्या 50व्या वर्षाचं, म्हणजे 1605च्या सुमाराचं. धनुष्य घेतलेला राम, मागे सीता आणि वर नागरीत ‘राम सिय’. सोन्याची अर्धी मोहर आणि चांदीचा अर्धा रुपया, दोन्हींचे मोजकेच नमुने जगाला माहीत आहेत. सोन्याचा एक ब्रिटिश म्युझियममध्ये, चांदीचा एक वाराणसीच्या भारत कला भवनात. इतकं दुर्मिळ असूनही त्याची नोंद आहे, छायाचित्रं आहेत. क्राउजेच्या जाडजूड कॅटलॉगमध्ये तर किंमत सांगता येत नाही तिथे ‘रेअर’ असं छापून मोकळे होतात. नाणं गाळत नाहीत. पुस्तकवाल्यांना दुर्मिळ नाण्याचाच सोस जास्त. उलट ही रामदरबाराची ‘नाणी’ जुन्या बाजारात ढिगाने मिळतात. ज्याचे ढीग आहेत आणि नोंद एकही नाही, ते चलनी नाणं नव्हे. तो पूजेचा टाक, रामटंका, आणि जुनेपणाचा भास व्हावा म्हणून वर कंपनीचं नाव. देवघरात खुशाल ठेवा.

लाखो रुपयांबद्दल फार बोलायला नको. खऱ्या नाण्याचीसुद्धा कॅटलॉगमधली किंमत त्या-त्या दर्जाची असते. झिजलेल्या किंवा चिंचेने घासलेल्या नाण्याला तेवढी कोण देईल? नाणं विकून देतो म्हणत आधी कमिशन किंवा कर मागणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये जाहीर इशारा दिला होता. आणि ‘खरं नाणं चुंबकासारखं तांदूळ ओढतं’ म्हणणारा भेटला, तर चहाही न पिता निघा.

हा मजकूर आला की मी पाठवणाऱ्याला एवढंच विचारतो, “इलाखा कोणता?” अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.