व्हिप नसलेला खासदार

दिल्लीत अधिवेशन सुरू झालं की आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर राज्यसभेतल्या गोंधळाच्या क्लिपा येऊ लागतात. फलक, घोषणा, वेलमध्ये उतरलेले सदस्य, सभापतींचं ‘प्लीज बसा’. खाली कुणीतरी मला उद्देशून लिहितंच, ‘तुमच्याकडे बघा, कसं शिस्तीत चालतं!’

मी ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेराला राहतो, त्यामुळे ‘आमच्याकडचं’ संसद भवन गाडीने वीस मिनिटांवर आहे. शिस्तीचं म्हणाल तर इथल्या प्रश्नोत्तराच्या तासाला जो आरडाओरडा होतो, तो ऐकून आपल्या जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा आठवावी. नोव्हेंबर 2024 मध्ये तर अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी सिनेटने, म्हणजे इथल्या वरिष्ठ सभागृहाने, एका दमात 30हून अधिक विधेयकं मंजूर केली. सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर बंदी घालणारा, जगभर गाजलेला कायदा त्यातलाच. त्यावर जनतेला म्हणणं मांडायला जेमतेम एक दिवस मिळाला होता. तेव्हा ‘तिकडे सगळं छान’ हे डोक्यातून काढून टाकलेलं बरं.

फरक आहे, पण तो दुसरीकडेच आहे. तो दाखवायला मी आमच्या इथल्या एका सिनेटरचं उदाहरण देतो.

डेव्हिड पोकॉक. क्रिकेटच्या पलीकडे न बघणाऱ्या आपल्या लोकांसाठी सांगतो, हा ऑस्ट्रेलियाच्या रग्बी संघाचा माजी कर्णधार. झिम्बाब्वेत वाढला, किशोरवयात आईवडिलांबरोबर ब्रिस्बेनला आला. 2022 मध्ये कॅनबेराच्या म्हणजे राजधानी प्रदेशाच्या जागेवरून अपक्ष म्हणून सिनेटवर निवडून आला. राज्यांना प्रत्येकी बारा सिनेटर, आमच्या प्रदेशाला फक्त दोन. 1975 पासून त्यातला एक लेबर पक्षाचा आणि एक लिबरल पक्षाचा, असं ठरूनच गेलं होतं. ते पोकॉकने मोडलं.

एवढ्याने काही झालं नसतं. अपक्ष आपल्याकडेही निवडून येतात. पण 76 जणांच्या सिनेटमध्ये विधेयक मंजूर व्हायला 39 मतं लागतात. सत्ताधारी लेबरची होती 26, ग्रीन्स पक्षाची 12. बेरीज 38. विरोधी आघाडी आडवी गेली की सरकारला कुणाच्या तरी दारात जाऊन एक मत मागणं भाग होतं, आणि पुष्कळदा ते दार पोकॉकचं असायचं.

2022 च्या अखेरीस कामगार कायद्यात मोठा बदल आला. अनेक कंपन्यांमधल्या कामगारांना एकत्र पगाराची बोलणी करता यावीत, हा त्याचा गाभा. कामगार संघटनांना तो हवा होता, उद्योजकांना नको होता. पोकॉकने मत दिलं, पण आधी कलमांवर घासाघीस केली. लहान धंद्यांना या बोलण्यांतून वगळण्याची मर्यादा पंधरा कामगारांवरून वीसवर नेली. शिवाय एक वेगळीच गोष्ट पदरात पाडून घेतली: दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी बेकारभत्ता आणि इतर मदत पुरेशी आहे का, हे तपासणारी तज्ज्ञांची समिती, आणि तिचा अहवाल जाहीर करायचं बंधन. पुढच्याच एप्रिलमध्ये समितीने सांगून टाकलं की भत्ता फारच तुटपुंजा आहे, तो वृद्धांच्या पेन्शनच्या 90 टक्क्यांपर्यंत न्या. सरकारने मे महिन्यात पंधरवड्याला 40 डॉलर वाढवले. म्हणजे मागितलं होतं त्याच्या आसपासही नाही. पण सरकारने नेमलेलेच लोक ‘हे कमी आहे’ असं छापील म्हणतात, तेव्हा अर्थमंत्र्याला दर वर्षी त्याचं उत्तर द्यावं लागतं. एका मताच्या घासाघिशीतून निघालेली ही गोष्ट आता कायद्याच्या पुस्तकात आहे.

आता आपल्याकडे या. 20 सप्टेंबर 2020, राज्यसभा, शेतीविषयक विधेयकं. विरोधक म्हणत होते, निवड समितीकडे पाठवा, मतविभागणी घ्या, म्हणजे मतं मोजा. विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झाली. वर्षभर दिल्लीच्या सीमांवर शेतकरी बसले आणि 29 नोव्हेंबर 2021 ला तेच कायदे मागे घेतले गेले, दोन्ही सभागृहांत चर्चा न होता. आणताना नीट बोलणं नाही, नेताना अजिबातच नाही. कांद्या-कापसाच्या भावावर पिढ्यान् पिढ्या भांडणाऱ्या महाराष्ट्रातून राज्यसभेत 19 सदस्य जातात. त्यांच्यापैकी कुणाला एखादं कलम बदलून हवं असेल, तर बदलून घ्यायची जागाच नव्हती.

इथल्या सिनेटमध्ये दोन जणांनी मतविभागणी मागितली की ती घ्यावीच लागते. संसद भवन बघायला गेलात तर भिंतीवरची घड्याळं नीट बघा. त्यांच्यावर दोन दिवे असतात, हिरवा कनिष्ठ सभागृहाचा आणि लाल सिनेटचा. मत घ्यायचं ठरलं की लाल दिवा लुकलुकू लागतो, घंटा चार मिनिटं वाजते आणि हातातली कॉफी तशीच टाकून सिनेटर पळत सुटतात. कोण कुठल्या बाजूला बसलं हे नावानिशी नोंदलं जातं. आवाज कुणाचा मोठा होता, हा वादच उरत नाही.

मला पोकॉकचं कौतुक जेवढं भाषणांसाठी वाटतं त्याहून जास्त ‘एस्टिमेट्स’साठी. वर्षातून काही आठवडे सिनेटच्या समित्या खात्यांच्या सचिवांना समोर बसवतात आणि खर्चाबद्दल सकाळपासून रात्रीपर्यंत प्रश्न विचारतात. सगळं थेट प्रक्षेपित होतं. अधिकारी कागद चाळतात, मागे बसलेल्या कनिष्ठाकडे वळून बघतात, आणि अडचणीत आले की ‘टेकन ऑन नोटीस’ म्हणतात, म्हणजे लेखी कळवू. माझ्या ओळखीचे सरकारी नोकर त्या आठवड्यात नीट जेवतसुद्धा नाहीत. आपल्या समित्यांच्या बैठका मात्र बंद दाराआड होतात, आणि त्यांच्याकडे जाणारी विधेयकंही आटली आहेत: पंधराव्या लोकसभेच्या काळात 71 टक्के विधेयकं समितीकडे गेली होती, सतराव्यात 16 टक्के.

एक विषय मराठी वाचकाला जास्त जवळचा वाटेल. 1997 मध्ये इथल्या केंद्रीय संसदेने कॅनबेरा आणि नॉर्दर्न टेरिटरी या दोन्ही प्रदेशांचा इच्छामरणाचा कायदा करायचा अधिकार काढून घेतला होता. राज्यं करू शकत होती, कॅनबेरा नाही. पोकॉकने हा निवडणुकीचाच मुद्दा केला. अधिकार परत देणारं विधेयक सरकारचं नव्हतं, लेबरच्या दोन खासदारांनी ते खासगी म्हणून मांडलं होतं, आणि पक्षांनी सदस्यांना आपापल्या सदसद्विवेकाने मत द्यायला मोकळं सोडलं. डिसेंबर 2022 मध्ये ते सिनेटमध्ये मंजूर झालं. आपल्याकडे हा प्रश्न आला तो केईएमच्या अरुणा शानबाग यांच्यामुळे. 1973 मधला हल्ला, त्यानंतर चार दशकं खाटेवर. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, 2018 मध्ये आणखी एक. संसदेने मात्र यावर आजतागायत कायदा केलेला नाही. खासगी विधेयकांचं तर विचारूच नका: स्वातंत्र्यानंतर एकूण 14 मंजूर झाली, शेवटचं 1970 मध्ये. शुक्रवारी दुपारी ती मांडायची, बोलायचं आणि गाडी पकडून मतदारसंघात जायचं.

आपल्याकडे असा माणूस झालाच नाही, असं मात्र नाही. 9 मार्च 2010. राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक. सात सदस्य निलंबित, मार्शल बोलावलेले. मतदान झालं 186 विरुद्ध 1. ते एक मत शरद जोशींचं. चांदवडला 1986 मध्ये बायकांचं एवढं मोठं अधिवेशन भरवणारा, ‘लक्ष्मीमुक्ती’तून शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावणारा माणूस त्या विधेयकाच्या विरोधात का उभा राहिला? त्यांचा आक्षेप दर निवडणुकीला फिरत राहणाऱ्या आरक्षित मतदारसंघांना होता. मला त्यांचं म्हणणं पटत नाही. पण ते स्वतःच्या छोट्या पक्षाचे एकमेव खासदार होते, वर कुणी व्हिप, म्हणजे पक्षादेश, काढणारा नव्हता, म्हणून ते मत देऊ शकले. बाकीच्या 186 जणांत कुणाला शंका असली तरी ती कळायला मार्ग नाही.

कारण राज्यघटनेची दहावी अनुसूची. 1985 चा पक्षांतरबंदी कायदा. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं की सदस्यत्व जाऊ शकतं. इथे 2024 मध्ये फातिमा पेमन या तरुण सिनेटरने पॅलेस्टाइनला मान्यता देण्याच्या प्रस्तावावर स्वतःच्या लेबर पक्षाविरुद्ध मत दिलं. पक्षाने तिला बैठकांतून बाहेर काढलं, तिने काही दिवसांत पक्ष सोडला. शिस्त लेबरचीही कडक आहे. पण तिची जागा शाबूत राहिली, आणि ती सिनेटमध्ये बसत राहिली, आधी अपक्ष, मग स्वतःच्या नव्या पक्षाची म्हणून. दिल्लीत हे केलं असतं तर खासदारकीवर पाणी सोडायची तयारी ठेवावी लागली असती.

यावर माझ्या आतेभावाचं उत्तर तयार असतं: ‘अरे, व्हिप नसता तर रोज बाजार भरला असता.’ आयाराम-गयाराम त्याने पाहिलेत, खोट्या भीतीने तो बोलत नाही. पण 2022 ला शिवसेना आणि 2023 ला राष्ट्रवादी फुटली तेव्हा हा कायदा होताच की. थोक व्यवहाराला त्याने अडवलं नाही, किरकोळ मतभेद तेवढा बंद केला.

पोकॉकच्या पद्धतीतही खोट आहेच. पावणेपाच लाख वस्तीच्या प्रदेशाचा एक सिनेटर अडीच कोटींहून मोठ्या देशाचा कामगार कायदा अडवून धरतो, यात लोकशाही किती, असं इथले उद्योजक विचारायचे, तेव्हा मलाही पटकन उत्तर सुचायचं नाही. शिवाय ही ताकद टिकाऊ नाही. मे 2025 च्या निवडणुकीत तो आमच्या प्रदेशात सगळ्यात जास्त मतं घेऊन पुन्हा आला, पण लेबर आणि ग्रीन्स मिळून आता 39 होतात. तोच माणूस, तीच भाषणं, पण सरकार आता त्याच्यावर अडून नाही. माहिती बाहेर काढायला तो सिनेटच्या ठरावांचा वापर करतो, त्यात यशही येतं, पण कलम बदलून घेणं पूर्वीसारखं राहिलेलं नाही.

म्हणून मला पोकॉकसारखा माणूस आयात करायचा नाही. मला हवी आहे फक्त व्हिपला लगाम घालणारी दुरुस्ती: सरकार पडायचा प्रश्न असेल तिथे आणि अर्थविधेयकावर पक्षादेश पाळा, बाकी विधेयकांवर खासदाराला मोकळं सोडा. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. दिनेश गोस्वामी समितीने 1990 मध्येच जवळपास हे सुचवलं होतं, आणि त्यानंतर खासगी विधेयकाच्या रूपाने ते लोकसभेत मांडूनही झालं आहे. त्यासाठी घटनादुरुस्ती लागेल, दोन तृतीयांश मतं लागतील. आणि ती मतं देताना खासदार ज्याच्या आदेशाकडे बघतील, तो व्हिपच असेल.