एसएसडी डीफ्रॅग करू नका, आणि ती लिंक तर उघडूच नका

'कॉम्प्युटर स्लो झालाय? दुकानात पैसे घालवू नका. खालच्या लिंकवरून सॉफ्टवेअर घ्या, रोज रात्री डिस्क डीफ्रॅग करा. स्पीड दुप्पट, जागा मोकळी, व्हायरस साफ. हार्ड डिस्क असो की एसएसडी, सगळ्यांना चालतं. सगळ्या ग्रुपवर पाठवा.'

हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. मी सोडून दिला होता. पण परवा जेल रोडला काकांकडे गेलो तर त्यांच्या लॅपटॉपवर हेच सॉफ्टवेअर चालू. काका प्रेसमधून निवृत्त झालेत, सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, सगळ्या मेंटेनन्सचा हिशोब याच लॅपटॉपवर. "अरे, ग्रुपवर आलंय, कोणीतरी इंजिनिअरनेच टाकलंय," म्हणाले. स्क्रीनवर रंगीत चौकोन सरकत होते. लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे, म्हणजे हार्ड डिस्कऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. म्हणून आता सविस्तर लिहितो.

'एसएसडीलाही चालतं' हे यातलं सगळ्यात बिनबुडाचं वाक्य. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे. वाचणारं हेड त्या जागेवर जायला वेळ घेतं, आणि 7200 फेऱ्यांच्या डिस्कवर हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी 4 मिलिसेकंदांहून थोडं जास्त थांबावं लागतं. एकच फाइल शंभर ठिकाणी तुकड्यांत पडली असेल तर हे थांबणं शंभर वेळा. तुकडे सलग लावून घेतले की डिस्कची ही धावपळ वाचते. डीफ्रॅगचं काम एवढंच.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. डेटा चिपमध्ये असतो, आणि चिपच्या या कोपऱ्यातलं वाचलं काय नि त्या कोपऱ्यातलं वाचलं काय, वेळ जवळपास तोच. शिवाय कोणता डेटा चिपमध्ये नेमका कुठे ठेवायचा हे एसएसडीच्या आतली नियंत्रक चिप, म्हणजे कंट्रोलर, ठरवतो, विंडोजला ते दिसतच नाही. म्हणजे काकांच्या स्क्रीनवर जे चौकोन सलग लागत होते ती फक्त पत्त्यांची यादी होती. आत प्रत्यक्षात तोच डेटा पुन्हा नव्या जागी लिहिला जात होता.

आणि एसएसडीवर किती वेळा लिहायचं याला मर्यादा असते. सॅमसंगच्या 860 इव्होच्या 250 जीबीच्या मॉडेलला कंपनीने 150 टेराबाइट (एक टेराबाइट म्हणजे हजार जीबी) लिखाणाची हमी दिली होती. रोज रात्री 20 जीबी डेटा इकडचा तिकडे केला तर वर्षाला 7 टेराबाइटांहून जास्त फुकट खर्च होतात. एसएसडी उद्या बंद पडणार नाही, तसं सांगून मी कोणाला घाबरवणार नाही. पण बदल्यात हातात काय पडतं? काही नाही.

इथे एक गोष्ट मान्य करावी लागते, कारण कोणीतरी ती माझ्या तोंडावर फेकणारच. विंडोज स्वतःसुद्धा कधीकधी एसएसडी डीफ्रॅग करतं. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या स्कॉट हॅन्सलमन यांनी 2014 मध्ये तिथल्या स्टोरेज टीमलाच विचारून हे लिहिलं होतं: सिस्टिम रिस्टोअरसाठीचे स्नॅपशॉट, म्हणजे विंडोज मागच्या स्थितीत परत नेता यावं म्हणून ठेवलेल्या नोंदी, चालू असतील तर साधारण महिन्यातून एकदा, कारण फाइलचे तुकडे फारच वाढले तर फाइल सिस्टिमचीच, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेचीच, अडचण होते. बरं, ते विंडोज आपलं आपण पाहून घेतं. त्यातून 'रोज रात्री करा, आमचंच सॉफ्टवेअर घ्या' हे कसं निघतं?

आता ती लिंक. काकांच्या सॉफ्टवेअरने चौकोन संपल्यावर लाल अक्षरांत 'गंभीर त्रुटी सापडल्या' असं दाखवलं आणि दुरुस्तीसाठी कार्डाचा नंबर मागितला. काकांनी तो दिला नाही, हे नशीब. हा प्रकार जुना आहे. 2010-11 च्या सुमारास फेकसिसडेफ नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) डीफ्रॅगच्या नावाखाली हेच केलं: लोकांच्या फाइल लपवून ठेवायच्या, डिस्क खराब झाली म्हणून सांगायचं आणि पैसे उकळायचे. ग्रुपवर ओळखीच्या माणसाने टाकलं म्हणून आपण लिंक उघडतो, आणि टाकणाऱ्यानेही ती तशीच पुढे ढकललेली असते. संताप येतो तो याचा.

बाकीचे मुद्दे पटकन. जागा वाढत नाही. फाइल तेवढ्याच राहतात, फक्त हलतात. व्हायरस जात नाही. तोही एक फाइलच, तीही व्यवस्थित सलग लावून मिळेल. 'स्पीड दुप्पट' कशाच्या दुप्पट, ते मेसेजमध्ये नाही.

जुनी हार्ड डिस्क असेल तर डीफ्रॅगचा उपयोग आहे, पण त्यासाठीही काही डाउनलोड करायला नको. व्हिस्टापासून, म्हणजे 2007 पासून, विंडोज हे काम ठरलेल्या वेळी स्वतःच करतं. स्टार्टमध्ये 'डीफ्रॅगमेंट' टाइप करा, जी खिडकी उघडेल तिथे 'मीडिया टाइप'खाली तुमची डिस्क कोणती ते लिहिलेलं असतं. एसएसडी असेल तर तिथलं 'ऑप्टिमाइझ' बटण तिला ट्रिम पाठवतं, म्हणजे कोणती जागा आता रिकामी आहे ते कळवतं. ते चालू द्या.

काकांचा लॅपटॉप स्लो होता तो 4 जीबी रॅममुळे आणि सुरू होतानाच उघडणाऱ्या डझनभर प्रोग्रॅममुळे. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये जाऊन नको ते बंद केले, ते सॉफ्टवेअर काढलं, विंडोजच्याच डिफेंडर या अँटीव्हायरसचं पूर्ण स्कॅन लावलं. रॅम वाढवायची आहे.

आणि ज्यांची हार्ड डिस्क टकटक आवाज करतेय किंवा फाइल उघडताना अडकतेय, त्यांनी डीफ्रॅगचं नावसुद्धा काढू नये. मरायला टेकलेल्या डिस्कला रात्रभर पळवायचं नसतं. आधी फोटो, हिशोब, कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर घ्या, आजच.