एका रस्त्याचे स्वतंत्र खाते

जळगाव आणि धुळ्याच्या बातम्या टोरांटोत बसून वाचताना एक वाद दर काही महिन्यांनी हमखास समोर येतो. फुले मार्केट, बळीराम पेठ किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर अतिक्रमणविरोधी मोहीम निघते, लोटगाड्या उचलल्या जातात आणि आठवडाभरात त्या पुन्हा जागेवर येतात. गाड्या लावायला जागा नाही आणि चालायला वाट नाही म्हणून गिऱ्हाईक मोबाइलवरून खरेदी करते, असे दुकानदार म्हणतात. निधी आणि माणसे अपुरी आहेत, असे महापालिका सांगते. आणि आम्ही जायचे कुठे, हा लोटगाडीवाल्यांचा प्रश्न तसाच राहतो. परदेशातल्याप्रमाणे व्यापाऱ्यांनीच पैसे काढून आपापला रस्ता सांभाळावा, अशी सूचना अलीकडे या वादात कानावर येऊ लागली आहे. ज्या शहरात ही पद्धत जन्माला आली तिथे राहणारा खान्देशी म्हणून मला ती सूचना अर्धीच बरोबर वाटते, आणि उरलेला अर्धा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो.

1964 मध्ये टोरांटोत यॉर्कडेल हा प्रचंड, वातानुकूलित मॉल सुरू झाला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात ब्लूर स्ट्रीटवरची ट्राम बंद होऊन भुयारी रेल्वे धावू लागली आणि रोज दुकानांच्या काचांसमोरून जाणारे गिऱ्हाईक जमिनीखालून जाऊ लागले. शहराच्या पश्चिम भागातील ब्लूर वेस्ट व्हिलेजच्या दुकानदारांची संघटना होती, पण वर्गणी ऐच्छिक होती. दिवे लागले की उजेड सर्वांच्या दारात पडे, पैसे मात्र काहींनीच दिलेले असत. म्हणून त्यांनी सरकारकडे अनुदान न मागता वर्गणी सक्तीची करण्याचा अधिकार मागितला. ओंटारियो प्रांताने कायद्यात तशी तरतूद केली आणि 1970 मध्ये जगातील पहिला ‘बिझनेस इम्प्रूव्हमेंट एरिया’, म्हणजे बीआयए, तिथे स्थापन झाला. आज एकट्या टोरांटोत असे 80हून अधिक विभाग आहेत. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ही पद्धत ‘बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट’ या नावाने पसरली. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2003 च्या कायद्याने तिला मान्यता मिळाली.

तिचे काम कसे चालते ते नेमकेपणाने सांगायला हवे, कारण आपल्याकडच्या चर्चेत तेच गाळले जाते. ठरवलेल्या हद्दीतील व्यावसायिक मालमत्तांवर मालमत्ता कराबरोबरच एक जादा आकार बसतो. घरांवर तो बसत नाही. वसुली महापालिका करते, पण ती रक्कम त्या रस्त्याच्या व्यवस्थापन मंडळाकडे जाते आणि त्याच हद्दीत खर्च होते. मंडळाचे सदस्य व्यापारी सुचवतात, नियुक्ती महापालिकेचे निवडून आलेले सभागृह करते, वार्षिक अंदाजपत्रक आधी सभासदांच्या सभेत आणि मग त्या सभागृहात मंजूर होते, आणि हिशेबाचे लेखापरीक्षण होते. ओंटारियोच्या सर्वसाधारण कायद्यानुसार असा विभाग नेमण्यापूर्वी संबंधितांना नोटीस द्यावी लागते आणि त्यांपैकी किमान एक तृतीयांश लोकांनी, जे हद्दीतील व्यावसायिक मालमत्तांच्या महापालिका करातील किमान एक तृतीयांश वाटा भरतात, मुदतीत लेखी हरकत घेतली, तर प्रस्ताव तिथेच थांबतो. ब्रिटनची रीत मला याहून पटते. तिथे मतदान होते, पडलेल्या मतांची संख्या आणि मत देणाऱ्यांच्या जागांचे करमूल्य या दोन्ही मोजमापांवर बहुमत लागते, आणि साधारण पाच वर्षांनी पुन्हा कौल घ्यावा लागतो.

या पैशातून होणारी कामे दिसायला किरकोळ असतात. उन्हाळ्यात पहाटे पाण्याची टाकी बसवलेली एक छोटी गाडी खांबांवरच्या फुलांच्या टोपल्यांना पाणी घालत जाते. कोणी पदपथावरचा कचरा उचलतो, कोणी भिंतीवरची रंगरंगोटी पुसतो. जेरार्ड स्ट्रीटवरच्या इंडिया बझारमध्ये, जिथे आपल्या लोकांना साड्या, मिठाई आणि पानही मिळते, रस्त्यावरचा उत्सव भरतो तेव्हा त्यामागे तिथला बीआयए असतो. अशा विभागांच्या वार्षिक सभा चर्चच्या तळघरात किंवा वाचनालयाच्या खोलीत होतात, कॉफी बेताची असते आणि अर्धा वेळ रोषणाईचा ठेका कोणाला द्यायचा यावर जातो. नूतन वर्षाच्या रोषणाईवरून आपल्या व्यापारी संघटनांत होणारी भांडणे ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना तिथे अजिबात परके वाटणार नाही. फरक इतकाच की, इथे भांडणारा माणूस सभेतून उठून गेला तरी त्याचा हप्ता कराच्या बिलात येतोच.

गावाकडच्या व्यापाऱ्यांचा पहिला आक्षेप मला ठाऊक आहे. जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, त्याविरुद्ध 2013 मध्ये राज्यभर बंद झाले, 2017 मध्ये जीएसटी आला, आणि घरपट्टी तर चालूच आहे. आता आणखी एक कर कशासाठी? हा आक्षेप रास्त आहे. आपल्याकडे विरोध रकमेला जितका होतो, त्याहून अधिक ती रक्कम कुठे नाहीशी होते याला होतो. भरलेला पैसा महापालिकेच्या सामान्य निधीत एकदा गेला की तो कर्जाच्या हप्त्यात गेला की पगारात, हे दाणा बाजारातल्या माणसाला कळायला मार्ग नसतो. म्हणून या पद्धतीतून घ्यायची गोष्ट म्हणजे रस्त्याचे स्वतंत्र खाते, ज्यातला पैसा कायद्याने दुसरीकडे वळवता येत नाही. महापालिका जी सफाई आणि दुरुस्ती आज करते, ती कमी करता येणार नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलेले असावे. नाहीतर व्यापारी पैसे देऊ लागले की झाडूवाले दुसऱ्या प्रभागात पाठवले जातील, हे सांगायला ज्योतिषी नको.

जळगावात एक पेच वेगळा आहे. तिथल्या अनेक व्यापारी संकुलांत गाळे महापालिकेच्या मालकीचे आणि दुकानदार भाडेकरू आहेत, आणि मुदत संपलेल्या गाळ्यांचे भाडे व नूतनीकरण यांचा वाद वर्षानुवर्षे चालला आहे. पुढील वर्षी गाळा आपल्याकडे राहील की नाही हे ज्याला माहीत नाही, तो पदपथावरच्या झाडासाठी पैसे का देईल? टोरांटोतही आकार मालकावर बसतो, पण भाडेकरारातून तो बहुतेकदा दुकान चालवणाऱ्याच्या माथी येतो. रस्ता सुधारला की भाडेही वाढते, आणि ज्याने सुधारणेचा खर्च उचलला त्यालाच कधी कधी दुकान सोडावे लागते. त्यामुळे आपल्याकडे भाडेकरूला मताचा अधिकार आधी आणि आकार नंतर, असा क्रम हवा, आणि जिथे महापालिका स्वतः मालक आहे तिथे तिनेही मालकाचा वाटा भरावा.

दुसरा प्रश्न लोटगाड्यांचा. उत्तर अमेरिकेतील अशा विभागांवर होणारी सर्वात गंभीर टीका हीच आहे की, पैसे भरणाऱ्यांच्या मंडळाला रस्ता आपलाच वाटू लागतो आणि खासगी पहारेकरी नेमून बेघरांना व फेरीवाल्यांना नजरेआड केले जाते. आपल्या बाजारपेठेत तर लोटगाडी आणि दुकान यांचे नाते उघड वैराचेही नाही. अनेक ठिकाणी ज्या दुकानदाराच्या पायरीसमोर गाडी लागते, तोच तिच्याकडून रोजचे पैसे घेतो आणि सभेत अतिक्रमणाविरुद्ध बोलतो. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समिती नेमणे बंधनकारक केले असून तिच्यात किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असावे लागतात. व्यापारी संघटनांनाही तिथे स्थान आहे. रस्त्याचे मंडळ करायचेच असेल तर त्यात या विक्रेत्यांचे प्रतिनिधी मतासह बसले पाहिजेत. पायरीसमोरच्या जागेचे जे पैसे आज खिशात जातात, ते ठरलेल्या दराने, पावतीसह त्या खात्यात आले, तर लोटगाडीवाला कोणाच्या मेहेरबानीवर राहणार नाही आणि त्याची जागाही आखलेली असेल.

सुरुवात सबंध शहरात करण्याची गरज नाही. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर 11 डिसेंबरला पादचारी दिन पाळून वाहने बाहेर ठेवली जातात; तो प्रयोग एका दिवसाचा असला तरी एकाच रस्त्यापुरता विचार करता येतो, हे त्यातून दिसते. धुळ्यात आग्रा रोडचा एखादा तुकडा किंवा जळगावात सराफ बाजार घ्यावा, राज्याने महापालिका कायद्यात तेवढी तरतूद करावी, आणि पाच वर्षांनी दुकानदारांनीच ती चालू ठेवायची की मोडायची हे ठरवावे. पहिल्या अंदाजपत्रकात फुलांच्या टोपल्या नकोतच. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आणि लग्नसराईच्या खरेदीला यावल, पारोळा, धरणगावाकडून बाया येतात तेव्हा पारा 45 अंशांच्या आसपास असतो, आणि सोन्यापासून भांड्यांपर्यंतची खरेदी करताना दिवसभर त्यांना वापरण्याजोगे स्वच्छतागृह शोधावे लागते. ते बांधणे, त्यावर पगारी बाई नेमणे, पिण्याचे पाणी आणि चार ठिकाणी सावली, एवढ्यावरच पहिल्या वर्षीचा पैसा संपला तरी चालेल. त्याचा हिशेब मात्र रस्त्याच्या दोन्ही टोकांना फलकावर लागला पाहिजे.