वांग छोंगयांग त्या थडग्यातून बाहेर आले होते

कार्तिकात, आळंदीच्या समाधी सोहळ्याच्या सुमारास, व्हॉट्सॲपवर हा मजकूर हमखास फिरतो. चीनमधल्या वांग छोंगयांग नावाच्या ताओपंथी साधूने 1161 साली स्वतःचं थडगं खणलं आणि माउलींसारखीच संजीवन समाधी घेतली. त्या पंथात देह संपवणं हीच मुक्ती. त्यासाठीच तिथले साधक पारा खात, असं त्यात असतं. यातलं थडगं खरं आहे, सालही खरं आहे. बाकी सगळं चूक आहे. आणि गोष्ट मरणाची असल्यामुळे ती चूक तशीच पुढे जाऊ देणं मला पटत नाही.

आधी समाधीचं बघू. वांग थडग्यात राहायला गेले आणि 1163 मध्ये तो खड्डा बुजवून शेजारच्या लिउच्यांग गावात झोपडी बांधून राहिले. 1167 मध्ये ती झोपडी त्यांनी स्वतःच पेटवली. लोक विझवायला धावले, तेव्हा हे नाचत होते! मग पूर्वेला शानतुंग प्रांतापर्यंत गेले, तिथे त्यांना सात मुख्य शिष्य मिळाले आणि छुआनचेन हा ताओपंथातला नवा पंथ उभा राहिला. मृत्यू 1170 मध्ये, काइफेंगला. ज्या कामासाठी चीन त्यांना ओळखतो ते सगळं थडग्यातून बाहेर आल्यानंतरचं आहे. माउलींनी 1296 मध्ये समाधी घेतली ती हातातलं काम पुरं करून. दोघांना एका ओळीत बसवलं की दोघांवरही अन्याय होतो.

पाऱ्याचं थोडक्यात सांगते. चीनच्या थांग राजघराण्यातले काही सम्राट पारा-शिशाच्या रसायनांनी दगावले हे खरं; मूत्सुंग 824 मध्ये आणि वूत्सुंग 846 मध्ये गेले ते अशाच गोळ्यांपायी. पण त्या गोळ्या खायच्या त्या मरण टाळण्यासाठी. वांग यांच्या परंपरेत भट्टी, पारा, शिसं हे शब्द राहिले, पण त्यांचा अर्थ श्वास आणि मन यांची आतली साधना असा झाला होता.

आता मुख्य मुद्दा, देह संपवण्याचा. ते थडगं नीट डोळ्यांपुढे आणा. शान्शी प्रांतात, चोंगनान डोंगराजवळच्या एका गावात तीनेक मीटर खोल खड्डा, वर मातीचा उंचवटा. नाव, ‘जिवंत मेलेल्याचं थडगं’. चारही कोपऱ्यांत हायथांग या फुलझाडाचं एकेक झाड लावलेलं. वर एक चौकोनी पाटी. चिनी घरात माणूस गेला की त्याच्या नावाची पाटी करून तिच्यापुढे उदबत्ती लावतात. तशीच ही, पण जिवंत माणसाने स्वतःसाठी केलेली. आणि पाटीवर नाव कोणतं? गावाने पाडलेलं, ‘वेडा वांग’.

मेला तो हा वेडा वांग. परीक्षा देऊन, सरकारी नोकरीत हाती फारसं काही न लागलेला, बायकामुलं मागे सोडून आलेला. आपल्याकडे संन्यास घेताना माणूस आपलं श्राद्ध आपणच घालतो. तुलना करायचीच असेल तर ती याच्याशी करा.

जगत असतानाच ‘मी’ मरण्याची ही कल्पना वांग यांच्याही आधीची आहे. च्वांगत्सू या ताओपंथाच्या प्राचीन ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणात नानक्वो त्सीची नावाचा माणूस असा निश्चल बसलेला असतो की शिष्य विचारतो, देह वाळक्या लाकडासारखा आणि मन विझलेल्या राखेसारखं होऊ शकतं का? तो म्हणतो, आत्ता मी मला हरवून बसलो होतो. तिथे ‘हरवणं’ यासाठी जे अक्षर आहे, तेच चिनी भाषेत सुतकासाठीही वापरतात. हे कळलं तेव्हा मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. ‘मी’चं सुतक पाळणारा माणूस तिथे शिष्याशी बोलत बसला आहे.

वांग यांनी शिष्यांकडून मागितलं तेही असंच मरण. मा यू हे शानतुंगमधले श्रीमंत गृहस्थ. त्यांच्याच आवारात वांग यांनी शंभर दिवस स्वतःला कोंडून घेतलं आणि आतून मा यू व त्यांची पत्नी सुन बुअर यांना नासपतीच्या फोडी पाठवत राहिले. नासपती कापणं आणि ताटातूट, दोन्हींचा चिनी उच्चार एकच, ‘फन ली’. दोघांना ते कळलं. त्यांनी घर सोडलं, संसार संपला. सुन बुअर त्या सात शिष्यांपैकी एक झाल्या आणि पुढे 1182 पर्यंत जगल्या. त्यांची अखेरची वर्षं लुओयांगला, बायकांना साधना शिकवण्यात गेली.