मारबतीची लेव्हल किती?

परवा रविवारी नागपुरात धरमपेठेत आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे फासे टाकत गोष्ट रंगवायच्या खेळाचा, डाव रंगला होता, तेव्हा भाच्यानं मधेच विचारलं, "मामा, मारबतीचा स्पेल बनवाचा असंल तर कितव्या लेव्हलचा धराचा?"

मारबत म्हणजे इडा पीडा घालवायला आमच्या नागपुरात मिरवत नेतात तो पुतळा. मी डीएम, म्हणजे डाव चालवणारा. लगेच कागद ओढला. साहित्य : बांबू, कागद. रेंज : अख्खं गाव. मुदत : पुढच्या पोळ्यापर्यंत. कास्टर, म्हणजे स्पेल टाकणारा? तिथं पेन थांबलं ते थांबलंच.

१९७४ साली आलेल्या या खेळात जादूचं माप ठरलेलं असतं. आजच्या पाचव्या आवृत्तीतला फायरबॉल घ्या. तिसरी लेव्हल, दीडशे फुटांची रेंज, वीस फुटांची त्रिज्या, नुकसान मोजायला आठ फासे. वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागतं. टाकणारा साधू असो की दरोडेखोर, आग तेवढीच. स्लॉट, म्हणजे स्पेल टाकायचा ठरलेला कोटा, संपले की विझार्डनं आठ तासांची विश्रांती घ्यायची, ते परत भरतात. मोबाईलच्या रोजच्या डेटासारखंच. नुकत्याच मेलेल्या सोबत्याला मिनिटाच्या आत उठवायला तीनशे सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो, तो खर्ची पडतो. मरणाचाही दर ठरलेला!

मला ही जादू जुन्या काळची वाटतच नाही. ही प्रयोगशाळेची आणि हिशेबाच्या वहीची जादू आहे. कुणीही करा, तोच परिणाम. प्रत्येक गोष्टीला किंमत. ताकद एकट्याच्या खात्यात जमा. वेश मध्ययुगीन असला तरी आपण आज जगाकडे जसं बघतो, तेच यात उतरलंय. सगळेच खेळ असे नाहीत. १९७८ च्या रूनक्वेस्टमध्ये साध्या शेतकऱ्यालाही थोडी जादू येते आणि मोठी ताकद देवाशी असलेल्या नात्यातून मिळते. मला तो खेळ म्हणूनच जवळचा वाटतो.

माझा जादूटोण्यावर काडीचा विश्वास नाही. पण आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढायची, तेव्हा तिचा हात माझ्याभोवती फिरायचा, दुसऱ्या कुणाचा चालला नसता. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी-पिवळी मारबत निघते, १८८० च्या दशकापासून, तेव्हा "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" हे ओरडतं कोण? रस्त्यावरचा प्रत्येक जण. सोबत महागाईचे, भ्रष्टाचाराचे बडगे, म्हणजे पुतळे. त्यात कास्टर कुठून काढणार?

भाच्याला म्हटलं, लेव्हल राहू दे. पुढच्या रविवारी डावात गावावर रोगराई येईल. तेव्हा फासे कुणीच टाकायचे नाहीत, टेबलावरच्या सहाही जणांनी उभं राहून ओरडायचं. एकही गप्प बसला तर रोगराई गावातच राहील.